पहाऱ्यात अडकलेली सलामी

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्याच्या एका गावात एक म्हातारे सेनापती राहत होते. त्यांच्या घरी टीव्ही होता. आता जुन्या काळी टीव्ही कुठून आला, असं लहानांनी विचारू नये आणि मोठ्यांनी तर मुळीच विचारू नये. गोष्टीतल्या राज्यात गोष्टीला लागेल ते सगळं असतं.

सेनापतींनी आयुष्यात बावीस लढाया जिंकल्या होत्या. तेविसावी त्यांच्या गुडघ्यांनी हरली, म्हणून ते घरी बसले. घरी बसले तरी सेनापतीपण काही सुटलं नाही. दुधाचं पातेलं उतू गेलं तरी ते आधी विचारत, "पहाऱ्यावर कोण होतं?" सेनापतीणबाई म्हणत, "मीच होते. आता काय सुळावर देता?" आणि ओटा पुसायला लागत.

त्यांना एकच लेक होती, तुळजा. लहानपणी सेनापतींनी तिला परसातल्या तांबड्या मातीत कुस्ती शिकवली. बारा वर्षांची झाली तेव्हा ती राजाच्या तालमीत गेली, आणि तिथे तिने भल्याभल्यांच्या पाठीला माती लावली.

त्या राज्यात कुस्तीची एक रीत होती. कुस्तीआधी पैलवानाने मूठभर माती कपाळाला लावायची आणि सलामी देताना आपल्या वस्तादाचं नाव घ्यायचं. तालमीतल्या पैलवानाला तालमीच्या वस्तादाचंच नाव घ्यावं लागे. मोकळीक एकदाच मिळे, ती मानाच्या गदेच्या शेवटच्या कुस्तीला. तिथे मनात असेल ते नाव घ्यावं. हे नाव शपथेइतकं पवित्र मानत. टीव्हीवर ते एकदाच ऐकू येई. साठवून ठेवून पुन्हा दाखवायला राजाची सक्त बंदी होती.

आणि यंदा तुळजा शेवटच्या कुस्तीला पोचली होती.

सेनापती सगळ्यांना सांगत, "पोरीची कुस्ती बघायची आहे." पण त्यांना कुस्तीपेक्षा सलामीची ओढ होती. लेक कुणाचं नाव घेते, हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. बारा वर्षं तिने दुसऱ्याचं नाव घेतलेलं ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि बायकोला ते न सांगता ठाऊक होतं.

राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर. गुडघ्यांनी आधीच नकार कळवला होता. म्हणजे सगळी भिस्त टीव्हीवर.

हा टीव्ही मोठा गुणी होता, पण त्याला इंटरनेट लागे. इंटरनेटची तार यायची घराच्या देवडीपर्यंत, तिथे राउटर बसवलेला. टीव्ही होता पार आतल्या खोलीत. मध्ये तीन दगडी भिंती, एकेक हातभर जाडीची. राउटरचं वायफाय पहिल्या भिंतीशी धापा टाकी आणि दुसरीपाशी जीव सोडी. म्हणून गावात तारांची कामं करणाऱ्या म्हाळसाबाईंनी दोन पॉवरलाइन डब्या आणून बसवल्या होत्या. एक देवडीत राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरी टीव्हीजवळच्या सॉकेटमध्ये. भिंतीतल्या ज्या तारांतून दिव्यांची वीज धावे, त्याच तारांतून या डब्या इंटरनेटही नेत. डबीवर हिरवा दिवा म्हणजे वाट मोकळी, तांबडा म्हणजे वाट बंद. चार महिने हिरव्या दिव्यात सुखाने गेले.

शेवटच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी टीव्हीवर एक गोल चक्र फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं.

सेनापतींनी बाह्या सरसावल्या. "काही काळजी करू नका. बावीस लढाया जिंकल्यात मी."

त्यांनी टीव्ही बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. रिमोटचे सेल बदलले, टीव्हीची दिशा बदलली. इंटरनेटची तार पुरवणाऱ्या गावातल्या कचेरीला तीन खरमरीत पत्रं धाडली. "आमच्या बाजूने सारं ठीक आहे," असं तिकडून उत्तर आलं, तेव्हा चौथं पत्र धाडलं. मग त्यांनी घराला वेढा घातला. फ्रिज बंद, पाण्याचा पंप बंद, मिक्सर बंद.

"अहो, चटणी वाटायचीय मला," सेनापतीणबाई म्हणाल्या.

"युद्धकाळात चटणी नाही."

एवढं करूनही चक्र फिरतच होतं. डबीवरचा तांबडा दिवा तसाच जळत होता.

कुस्तीच्या दिवशी सकाळी सेनापतीणबाई म्हणाल्या, "चावडीवर मोठा टीव्ही लावलाय. सगळा गाव तिथेच बघणार आहे. डोली मागवते, आपणही जाऊ."

"डोलीत बसून? गावाने मला घोड्यावर पाहिलंय. घरात टीव्ही असताना सेनापती डोलीतून चावडीवर गेला, असं ऐकायचंय का तुला?"

 सेनापतीणबाईंनी सरळ म्हाळसाबाईंना बोलावणं पाठवलं.

म्हाळसाबाई जेवणवेळ टळल्यावर आल्या, कारण दुसऱ्या आळीत एका घरी काम अडलं होतं. खांद्याला पिशवी, केसांत पेन्सिल खोचलेली. आल्या तशा म्हणाल्या, "आधी फ्रिज, पंप, मिक्सर सगळं चालू करा. सगळंच बंद ठेवलं तर कशाने बिघडलं ते कळणार कसं? एका वेळी एक गोष्ट बघू."

देवडीतल्या राउटरला त्यांनी आपला फोन जोडून पाहिला. झकास चालला. "तारवाल्यांना उगाच शिव्या घातल्यात," त्या म्हणाल्या. सेनापती भिंतीकडे बघू लागले.

"आता आतली डबी इथे आणा. दोन्ही शेजारी लावून बघते."

टीव्ही सागवानी कपाटात होता आणि त्याचं सॉकेट कपाटाच्या खालच्या, कुलूपबंद कप्प्यात. किल्ली सेनापतींच्या कंबरेला. दाराच्या फटीतून डबीचा दिवा तेवढा दिसे. ते स्वतः आत गेले, कप्पा उघडून डबी काढली, पुन्हा कुलूप घातलं आणि डबी बाहेर आणली. म्हाळसाबाईंनी ती देवडीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचली. दोन्ही डब्यांवर टपटप हिरवे दिवे लागले.

"म्हणजे डब्या ठणठणीत आहेत. आता ही परत आत लावा."

सेनापतींनी ती पुन्हा आत नेऊन लावली. दिवा तांबडा.

"फ्रिज बंद करा फक्त," म्हाळसाबाई म्हणाल्या. तांबडा. "फ्रिज चालू, पंप बंद." तांबडा. मिक्सर बंद केला तरी तांबडाच. म्हाळसाबाईंनी केसांतली पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "राउटर चांगला, डब्या चांगल्या, घरातलं कुठलं यंत्र आडवं येत नाहीये. मग या कपाटातच वाटेत कुणीतरी अडवतंय. सेनापतीसाहेब, या कप्प्यात काही नवीन जोडलंय का?"

"नाही."

"मला एकदा बघू द्या."

"तिथे मी स्वतः लक्ष घातलंय. ती बाजू भक्कम आहे."

"भक्कम असेलच. पण बघायला काय जातं?"

सेनापतींचा आवाज चढला. "म्हाळसाबाई, बावीस लढायांत माझं मोर्चेबंदीचं काम कुणी तपासलं नाही. राजानेही नाही. तुम्ही बाकीचं घर तपासा."

म्हाळसाबाई भांडखोर नव्हत्या. त्यांनी बाकीचं घर तपासलं. खोल्याखोल्यांतली सॉकेटं पाहिली, फ्यूज पाहिले, देवडीतली डबी तीन वेळा काढून लावली. सूर्य कलायला लागला. सेनापती काठी टेकत मागे मागे फिरत होते आणि प्रत्येक सॉकेटपाशी म्हणत होते, "इथेच घोटाळा असणार." एकाही सॉकेटमध्ये घोटाळा नव्हता.

आणि मग टेकाडापलीकडून, चावडीच्या दिशेने, हलगी कडाडली. पैलवान आखाड्यात उतरले की चावडीवर हलगी वाजवायची, असं गावाने ठरवलं होतं.

सेनापतीणबाई नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "अहो, लेक उतरली आखाड्यात. किल्ली द्या."

"तिथे काही नाही, मी सांगतोय ना!"

"नसेल तर नसेल. तुमची चूक निघाली तर आम्ही दोघीच आहोत इथे, कुणाला सांगणार नाही. किल्ली द्या हो."

सेनापती क्षणभर उभे राहिले. त्या क्षणभरात त्यांच्या मनात काय काय झालं, ते सांगायला बराच वेळ लागेल. लेकीची सलामी एका पारड्यात होती आणि दुसऱ्या पारड्यात त्यांची स्वतःची ताठ मान होती. मान बरीच जड होती. शेवटी हात कंबरेकडे गेला, पण गाठ घट्ट बसली होती आणि ती सोडवण्यात आणखी थोडा वेळ गेला.

कप्पा उघडला. भिंतीतल्या सॉकेटला एक नवीकोरी, जाडजूड पट्टी जोडलेली होती आणि डबी त्या पट्टीत खोचलेली होती. वीज अचानक उसळली तर वस्तू जळू नयेत म्हणून अशी पट्टी लावतात. बाजारात तिला स्पाइक गार्ड म्हणतात.

"हे काय?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"हा तर पहारा आहे," सेनापती म्हणाले. "परवा रात्री लावला. ऐन कुस्तीच्या वेळी विजेचा दगाफटका झाला तर? आणि तुम्ही विचारलंत, काही नवीन जोडलंय का. पहारा म्हणजे काही जोडणं नव्हे."

"सेनापतीसाहेब, विजेत जे काही वेगळं, विचित्र दिसेल ते गाळून टाकायचं, हेच या पट्टीचं काम. आपलं इंटरनेट त्याच तारेतून वेगळं होऊन येतं. तिला काय कळणार चोर कोण आणि घरचं कोण? तिने इमानाने दोघांनाही अडवलं."

बोलता बोलता त्यांनी डबी पट्टीतून उपसली आणि थेट भिंतीत खोचली. टीव्हीची वायर पट्टीतच राहू दिली. डबीवरचा दिवा आधी तांबडा राहिला, मग लुकलुकला, मग हिरवा झाला. चक्र थांबलं. पडद्यावर राजधानीचा आखाडा उभा राहिला, काठोकाठ भरलेला. मधोमध तुळजा होती, कपाळाला माती लावलेली, उजवा हात आभाळाकडे. तिचे ओठ नुकतेच मिटले होते. बोटांतून उरलेली माती खाली सांडत होती आणि सारा आखाडा टाळ्या वाजवत होता.

"काय म्हणाली?" सेनापतींनी विचारलं. "काय म्हणाली ती?"

सांगणार कोण? त्या खोलीत कुणीच ते ऐकलं नव्हतं.

मग कुस्ती झाली, आणि ती अशी झाली की आजही त्या राज्यात तिचं नाव निघतं. समोरची पैलवान तगडी होती, दोनदा तिने तुळजाला खाली घेतलं. दोन्ही वेळा तुळजा अंग सैल सोडून पडली आणि पडता पडताच निसटली. तिसऱ्या वेळी तिने आतून टांग मारली आणि समोरचीला अशी चीत केली की आखाड्यातला हलगीवाला वाजवायचं विसरला. मानाची गदा तुळजाच्या खांद्यावर आली. सेनापतीणबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. सेनापतींनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्या, पण त्यांचे डोळे पडद्यावर काहीतरी शोधत होते आणि ते तिथे आता नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी सगळा गाव गुलाल घेऊन दारात आला. पाटलांनी सेनापतींच्या गळ्यात हार घातला. "धन्य झालात! काय नाव घेतलं पोरीने तुमचं! म्हणाली, ‘ज्यांनी मला पडायला शिकवलं ते माझे बाबा, तेच माझे वस्ताद.’ चावडीवर एकही डोळा कोरडा नव्हता."

 काठीवर दोन्ही हात ठेवून सेनापती म्हणाले, "पाटील, कसं म्हणाली? म्हणजे आवाज कसा होता तिचा?"

पाटील गोंधळले. "आवाज? चांगला होता की. मोठा होता."

"मोठा कुठला, हळूच म्हणाली ती," मागून एकजण म्हणाला.

"आधी थांबली होती जराशी," एक म्हातारी म्हणाली. "‘बाबा’ म्हणताना आवाज कापला तिचा."

"छे हो, हसली ती तेव्हा," आणखी कुणी म्हणालं.

सेनापती प्रत्येकाचं ऐकत होते. एकेकाला जवळ बोलावून पुन्हा विचारत होते. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं आणि प्रत्येकाने निराळं सांगितलं. सगळ्या गावाने ते ऐकलं होतं. ज्याच्यासाठी ते होतं, तो तेवढा घरातल्या घरात किल्ली घट्ट धरून उभा राहिला होता.

आठ दिवसांनी तुळजा गदा घेऊन घरी आली. सेनापतींनी तिला सगळं खरं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, किल्लीचंही सांगितलं. मग लहान मुलासारखं विचारलं, "पोरी, एकदा माझ्यापुढे म्हणशील का ते?"

तुळजाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "बाबा, ते शपथेचं बोलणं. आखाड्यात माती हातात असताना एकदाच म्हणायचं असतं. घरात म्हटलं तर ते नुसते शब्द होतील. तुम्हीच शिकवलंय ना मला, रीत मोडायची नाही."

सेनापतींनी मान हलवली. लेकीचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच त्यांना अभिमान वाटला आणि त्याचंच दुःखही झालं.

लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं काम दुसऱ्याला तपासू देण्यात ज्याला कमीपणा वाटतो, त्याच्या दाराशी आलेलं सुखही बाहेरच अडून राहतं.