कार्डाची मागची बाजू

एकदा एक गाडी काही केल्या सुरू होईना. चौघांनी ढकलत ती कवठेमहांकाळच्या एका बॅटरीच्या दुकानासमोर आणली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दुकान एका वृद्ध कारागिराचे. गॅरेजच्या जगात गुरूला 'उस्ताद' म्हणतात, आणि या गृहस्थांना तर साऱ्या तालुक्यात दुसरे नावच उरले नव्हते. त्यांच्या हाताखाली मोनाली नावाची तिशीतली शिष्या काम शिकत होती. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र तिने भिंतीवर लावले होते. उस्तादांनी तिच्यासाठी खिळा स्वतः ठोकला होता, यावरून त्यांचा स्वभाव कळावा.

गाडीचा मालक रंगनाथ घामाघूम होऊन आत आला. त्याने बॅटरी टेबलावर ठेवली आणि खिशातून हमीचे कार्ड काढून त्यावर आपटले.

"ताई, ही मेली. बदलून द्या."

मोनालीने कार्ड पाहिले. "भाऊ, चोवीस महिन्यांची हमी होती. सव्वीस झाले."

"आधीच्या बॅटरीला तीन वर्सांची हुती की!"

"तेव्हा होती. आता कंपनीनं कमी केली."

"आन् नवी केवढ्याला?"

तिने आकडा सांगितला. रंगनाथ खालीच बसला. "म्हंजे किंमत दीडपट आन् हमी कमी? ह्यो कुठला न्याय वो?"

न्याय मोनालीपाशी नव्हता, शिशाचा भाव वाढल्याची बातमी तेवढी होती. ती तिने सांगितली. अशा बातमीने कोणाची गाडी सुरू झाल्याचे ऐकिवात नाही.

रंगनाथचा आवाज उतरला. "ताई, उद्या सकाळी सहाला शिंत्रे बाईंना डायलिसिसला मिरजेला न्यायचंय. शाळंत शिकवलंय त्यांनी मला. एक खेप चुकली तर त्यांच्या छातीत पाणी भरतंय, त्यांना यष्टीचा धक्का सोसत न्हाई. आन् नव्या बॅटरीचं पैसं आज माझ्याकडं न्हाईत."

मोनालीला वाईट वाटले. पण तारीख ती तारीख. तिने हताशपणे गुरूकडे पाहिले.

उस्तादांनी कार्डाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते बॅटरीवर वाकले होते. तिच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढऱ्या क्षाराचे थर चढले होते. त्यांनी नखाने थोडी खरवड काढली, तर खाली लाल रंग. आणखी खरवडले, तर पिवळा.

"रंगनाथ, दसऱ्याला गाडीची पूजा करतोस ना? नारळ कुठं फोडतोस?"

प्रश्न अनपेक्षित होता, पण रंगनाथचा चेहरा उजळला. "गाडीच्या तोंडाशी! बॉनेट उघडून आधी बॅटरीला हळदीकुंकू, मग नारळाचं पाणी पैलं तिच्यावरच. तिच्यामुळं गाडी उठती, तिचा मान पैला. ही आणल्यापास्नं तीन दसरं झालं, एकदा चुकलो न्हाई."

मोनालीला हसू फुटले. उस्ताद मात्र हसले नाहीत. ते उठले, पाणी गरम केले, त्यात खायचा सोडा विरघळवला आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने ती टोके हळूहळू स्वच्छ केली. मग झाकणे उघडून प्रत्येक कप्पा तपासला, कमी पडलेले पाणी भरले आणि बॅटरी चार्जिंगला लावली. कप्पे अजून शाबूत होते. तीन दसऱ्यांच्या भक्तीने वीज दारातच अडली होती, आणि बॅटरी बिचारी दोन वर्षे अर्धपोटी काम करत होती.

संध्याकाळी गाडीने पहिल्याच चावीला आवाज दिला. रंगनाथने स्टिअरिंगला डोके टेकवले. "बाईंची खेप वाचली," एवढेच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

यानंतर उस्तादांनी जे केले, ते मोनालीला मुळीच उमगले नाही. त्यांनी ते मुदत संपलेले कार्ड मागून घेतले, उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर सावकाश अक्षरात लिहिले : 'आणखी एक वर्ष. अट : दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधशील, तेव्हा आधी इथे येऊन बॉनेट उघडायचे.' खाली सही केली.

रंगनाथ गेल्यावर ती न राहवून म्हणाली, "उस्ताद, बॅटरी कंपनीची आणि हमी तुमची? कंपनी महिने कमी करत चाललीय, आणि तुम्ही वाढवताय! उद्या ती मेली तर?"

"मेली तर नवी घेईपर्यंत आपल्याकडची एखादी चार्ज केलेली जुनी देऊ त्याला," उस्ताद म्हणाले. "पोरी, कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहिलेलं असतं, मेली तर बदलून देऊ. मरू देणार नाही, असं कुठलीच कंपनी लिहीत नाही. कुठून लिहिणार? ती काय रोज बॉनेट उघडायला येणार आहे? भाव आपल्या हातात नाही, महिनेही नाहीत. पण मागची बाजू आपल्यासाठी कोरीच सोडलेली असते. आणि रंगनाथला हसू नकोस. ज्याच्यावर पोट चालतं त्याचे उपकार मानणारा माणूस आहे तो. त्याचं चुकलं एवढंच, की तिला काय हवं ते त्यानं कधी विचारलं नाही. त्यानं नारळ दिला, तिला हवं होतं कोरडं फडकं."

मोनालीला आठवले, आपले प्रमाणपत्र भिंतीवर लागले त्या दिवशी आपण उस्तादांना भलीमोठी शाल दिली होती. त्यांचा चष्मा दोरीने बांधलेला होता, हे मात्र आपल्या ध्यानातही आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने तो चष्मा दुरुस्त करून आणला.

रंगनाथ दर अमावास्येला येत राहिला. पुढच्या दसऱ्याला त्याने हळदीकुंकू स्टिअरिंगला वाहिले, नारळाचे पाणी दारातल्या जास्वंदीला घातले, आणि बॅटरी पुसून काढली. उस्तादांनी दिलेले वर्ष सरले, तरी ती चाललीच होती. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र, एका अमावास्येला, मोनालीला तिचा थकवा दिसला. वेळीच दिसला, म्हणून गाडी एक दिवसही अडून राहिली नाही. दुकानातली जुनी बॅटरी बसवून रंगनाथ आणखी पंधरवडाभर मिरजेला जात-येत राहिला, आणि पैसे जमले तसा एका दुपारी नवी घ्यायला आला. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"ताई, तीन वर्सं सात म्हयनं! हिनं लई केलं माझं. तक्रार कसली करू? पेढं खावा."

गाडीतून काठी टेकत शिंत्रे बाई उतरल्या. मिरजेहूनच परतत होत्या. भंगारात जायला निघालेल्या त्या बॅटरीसमोर त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग पर्समधून इवलीशी कुंकवाची डबी काढून उस्तादांना म्हणाल्या, "कितीदा नेलं-आणलं हिनं मला. आता वाहिलं तर चालेल ना हो?"

"आता खुशाल वाहा, बाई," उस्ताद म्हणाले, आणि दुरुस्त केलेला चष्मा काढून पुसू लागले.

मोनालीने नवी बॅटरी बसवली. सोबतचे कार्ड पाहिले. यंदा हमी अठराच महिन्यांची होती. तिने ते उलटे केले, रंगनाथचे नाव घातले आणि लिहायला बसली.