आतोबांच्या चित्राची साठवण

एका गावात दाजिबा नावाचा एक भोळा भाचा होता. सांगितलेले तो कधी विसरत नसे, आणि हेच त्याच्या आत्याबाईंचे दुर्दैव होते. विसरभोळा मनुष्य एकदाच चुकतो. दाजिबा मात्र प्रत्येक धडा जपून ठेवी आणि भलत्याच ठिकाणी वापरी.

आत्याबाईंकडे दिवंगत आतोबांचे एक तैलचित्र होते. चित्रकाराने रंग लावलेला नव्हता, थापीने थापलेला होता. गाल हिरवे, कपाळ लालभडक, नाक बोटभर पुढे आलेले.

"जिवंतपणी हे एवढे हिरवे नव्हते," आत्याबाई म्हणत, "पण डोळ्यांतला राग अगदी ह्यांचाच. दुसरा साधा फोटोसुद्धा नाही हो." ते चित्र संग्रहालयात लागावे, चार माणसांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

संग्रहालयाचे पारखी राजाध्यक्ष आले. त्यांनी चित्र भिंगातून पाहिले, कडेने पाहिले, हुंगूनही पाहिले.

"काम अस्सल तेलातले आहे. पण थर जाड. वरून वाळलेला, आतून ओला. ऊन दाखवू नका, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंधरा दिवसांनी न्यायला येतो."

दाजिबाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. दाजिबाने एक दाबून पाहिली. वरून वाळलेली, आतून ओली! त्याने सगळ्या अंधाऱ्या खोलीत नेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना हिरवी दाढी फुटली.

"मेल्या, ओलं ते कडक उन्हात घालावं! एक बाजू वाळली की उलटं करावं!"

"बरं, आत्या."

दाजिबाने आतोबांना गच्चीवर नेले, ऊन दिले आणि दुपारी चटईवर पालथे घातले. संध्याकाळी आतोबांचे नाक बसके झाले होते आणि कपाळावर चटईची नक्षी उमटली होती.

"अरे, आतोबा आहेत की पापड? परत अंधाऱ्या खोलीत ठेव. हलवू नकोस, उलथू नकोस. नुसतं लांबून बघ!"

मग आत्याबाईंनी कैरीचे लोणचे घातले आणि "लोणच्याकडे बघ रे" असे सांगून त्या चार दिवस बहिणीकडे गेल्या. दाजिबा चारही दिवस उंबऱ्यावर बसून बरणीकडे बघत राहिला. लोणच्याला बुरी आली.

"लोणचं असं जपतात, टोणग्या? रोज तळापासून ढवळावं! वर चार बोटं तेल तरंगायला हवं! तेलातली वस्तू तेलाबाहेर राहिली की बिघडलीच!"

"असं होय!" दाजिबा म्हणाला. त्याला फार मोठी गोष्ट कळली होती.

पंधराव्या दिवशी राजाध्यक्ष आले. अंधाऱ्या खोलीत फक्त चौकट उभी होती.

"दाजिबा! तुझे आतोबा कुठे आहेत रे?"

"स्वयंपाकघरात, आत्या. आठवडाभर जपतोय त्यांना."

दाजिबाने चुलीमागच्या कोपऱ्यातल्या घंगाळावरचे झाकण काढले. वर चार बोटं तेल तरंगत होते. त्यात कोरे, पांढरेफटक कापड पोहत होते, आणि त्याच्याभोवती हिरवे, लाल, जांभळे भोवरे फिरत होते.

दाजिबाने पळी तळापासून फिरवली, थोडे बशीत घेतले आणि आदराने राजाध्यक्षांपुढे धरले.

"चव बघा, साहेब. पण आज नेऊ नका. आतोबा अजून मुरले नाहीत."