केरबाची जाड तार

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक तांबट होता. त्याच्या हंड्याला कधी चीर गेली नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी ताठा होता. त्याचे घर बापाने बांधलेले होते. छत लाकडी होते आणि भिंतींवरची वायरही बापाच्याच काळातली.

त्या घरात दिवे लुकलुकू लागले. रोज फ्यूज उडायचा. फ्यूजमधली बारीक तार वितळते, म्हणून तर घर वाचते. पण केरबाला तिच्या बारीकपणाचीच लाज वाटली. तो म्हणाला, "तांबटाच्या घरात तांब्याला काय तोटा?" आणि त्याने हंड्याच्या कडीची जाड तार तिथे घट्ट बसवली. फ्यूज उडायचा थांबला. केरबाने मिशीवर ताव दिला.

दिवे मात्र लुकलुकतच राहिले. भिंतीजवळ जळका वास येऊ लागला. बायको अनसूया घाबरली आणि तिने हुसेनभाई वायरमनला बोलावणे धाडले.

तो येणार म्हणताच केरबाला त्या जाड तारेची लाज वाटू लागली. आपण इतके नावाजलेले कारागीर, आणि आपले हसे होणार! त्याने गुपचूप जाड तार काढली आणि बारीक तार लावली.

हुसेनभाईने फ्यूज उघडून पाहिला. "तांबटदादा, हा कधी उडतो का?"

अनसूयेने तोंड उघडले. केरबाने तिच्यावर डोळे वटारले आणि स्वतःच म्हणाला,

"छे! वर्षात एकदाही नाही."

"मग वायर ठणठणीत आहे. होल्डरच खराब असेल." बिचाऱ्याने नवा होल्डर बसवला आणि तो निघून गेला. केरबाने जाड तार पुन्हा जागेवर घातली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नवरा-बायको दोघे हंडे विकायला गेले होते. दुपारी गावाकडून धूर दिसला. धावत येईपर्यंत छत खाली आले होते. बापाचे घर, अनसूयेचा चाळीस वर्षांचा संसार, सगळ्याची राख झाली होती.

राखेत फ्यूज सापडला. त्यातली तार जशीच्या तशी होती.

अनसूया रडली नाही. तिने ती तार नवऱ्याच्या हातावर ठेवली. "घ्या. एवढीच वाचली."

केरबाने पुन्हा कधी हातोडा उचलला नाही.

तात्पर्य: लाजेपोटी आपली चूक लपवली, तर मदतीला आलेला जाणकारही आपल्याला वाचवू शकत नाही.