नातवाच्या लग्नाचा शब्द

फार जुन्या काळची गोष्ट. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट गावात सगळे कुंभारच राहत. त्यांची कौलं दूरदूरच्या राजवाड्यांवर चढत, आणि भट्ट्यांचा धूर मात्र गावातच मुक्काम करी. वारा तो डोंगरापर्यंत नेई आणि परत आणून टाकी. स्वस्थता कुणालाच नव्हती. गाई दाव्याला हिसके देत, माणसं उगाच दार उघडत आणि पुन्हा लावत.

सगळ्यात मोठ्या भट्टीच्या मालकाची आई तर आडवीच होऊ शकत नसे. भिंतीला टेकून बसायची, खोकायची, उठून अंगणात फेऱ्या मारायची. मुलाचा तिच्यावर फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट समजाल.

शेवटी पंचांनी भट्टीवाल्यांना चावडीवर बोलावलं आणि धूर कसा कमी करणार, ते ज्याचं त्याने सांगावं असं फर्मावलं.

मोठा भट्टीवाला ऐटीत उभा राहिला. "माझ्या नातवाचं लग्न होईल तोवर माझ्या भट्टीचा धूर पार बंद झालेला असेल, रेघसुद्धा दिसणार नाही," तो म्हणाला. लोकांनी त्याला फेटा बांधला. त्याचा मुलगा अजून रांगत होता, नातवाचा तर पत्ताच नव्हता. पण एवढ्या आनंदात असले प्रश्न विचारतो कोण?

मग एक कुंभारीण उठली. गेल्या वर्षी जाळलं त्याच्या पाऊणपटच लाकूड यंदा जाळीन, म्हणाली. ते दाराबाहेर रचून ठेवीन, दर अमावास्येला कुणीही येऊन बघावं. पुढच्या वर्षी त्याहून कमी. हे एवढंसं ऐकून लोक हसले.

ती कामाला लागली. वाळलेलंच लाकूड घेई, भट्टी गच्च भरल्याशिवाय पेटवीत नसे. एका महिन्यात पावसाने लाकूड भिजलं आणि जास्त जळलं. तिने स्वतःच चावडीवर जाऊन तसं सांगितलं आणि पुढच्या महिन्यात एक भट्टी कमी लावली.

हळूहळू लोक मोठ्या भट्टीवाल्याकडे बघू लागले. त्याला चैन पडेना. त्याने डोंगरापलीकडच्या गावात आणखी एक भट्टी लावली, निम्मी कौलं तिकडे भाजायला पाठवली आणि इथल्या भट्टीभोवती रोपं लावली. रोपं गुडघ्याएवढी होती, धूर डोंगराएवढा. तरी त्याचं समाधान झालं.

"आई, आता बरं वाटतंय ना? आपली भट्टी निम्मीच पेटते," त्याने विचारलं.

आईने आधी खोकून घेतलं. "तू कुठे जाळतोस ते माझ्या छातीला कळत नाही रे," ती म्हणाली. "वारा फिरला की पलीकडचाही इकडेच येतो."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तो तडक कुंभारणीकडे गेला आणि काय करू, असं विचारलं.

"या महिन्यात किती कमी जाळणार, तेवढं सांगा, दादा," ती म्हणाली. "पलीकडचंही त्यात धरा. नातवाचं लग्न तेव्हाचं तेव्हा बघू."

त्याने पलीकडची भट्टी विझवली. लाकूड दाराबाहेर रचलं. अमावास्येमागून अमावास्या ढीग लहान होत गेला, आणि त्याचं बघून बाकीचेही लाकडं बाहेर रचू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी गावाला डोंगराचा माथा स्वच्छ दिसला. पोरं आरडाओरडा करत धावली. मोठा भट्टीवाला मात्र अंगणात फेऱ्या मारत होता. त्याची आई त्याआधीच्या पावसाळ्यातच गेली होती. त्याच्या शब्दाला नातवाच्या लग्नापर्यंत मुदत होती, आईला तेवढी नव्हती. चावडीवरून उठलो त्याच दिवशी सुरुवात केली असती तर, असं तो ज्याला त्याला विचारी, आणि कुणालाही त्याच्याकडे बघवत नसे.

बोध एवढाच: शब्द द्यायचा तर आजपासून पाळता येईल आणि चारचौघांना तपासता येईल असा द्यावा.