मेघाला न सांगितलेला एक शब्द

एका राज्यात दरवाजे फार झाले होते. वेशीला दरवाजा, कोठाराला दरवाजा, औषधशाळेला, पुष्करणीला, अगदी राजाच्या न्हाणीघरालासुद्धा लोखंडी कडीचा दरवाजा. आणि दर दरवाजाला एक द्वारपाळ. त्या द्वारपाळांचा कारभार काय वर्णावा! मेव्हणा आला की दार सताड उघडे, परका आला की "उद्या ये." एक म्हणे हो, दुसरा म्हणे नाही, तिसरा जेवायला गेलेला. राजा सुकेतू या गोंधळाला विटला. त्याने मांत्रिक तमालभटाला बोलावून विचारले, "यावर उपाय?"

"आहे, महाराज. निवाडा एकाच जागी ठेवा."

तमालभटाने तीन दिवस मंत्र म्हणून आकाशातला एक करडा मेघ खाली ओढला आणि नगराबाहेरच्या डोंगराच्या माथ्यावर साखळदंडाने बांधून टाकला. राजाने आपले नियम ताम्रपटांवर कोरवून त्या मेघात सोडले आणि मेघाला वाचा फुटली. तेव्हापासून दारात कुणीही येवो, द्वारपाळाने आपल्या मनाने काही ठरवायचे नाही. खांद्यावरच्या साळुंकीला चार गोष्टी सांगायच्या: कोण आले आहे, काय करू म्हणते, कशाशी काम आहे आणि वेळप्रसंग काय. साळुंकी भुर्रकन उडे, त्या चार गोष्टी मेघाच्या कानी घाली आणि पापणी लवायच्या आत परत येऊन बोले, "होय," नाहीतर "नाही." होय म्हटले की कडी आपोआप गळून पडे. नाही म्हटले तर सात हत्ती लावले तरी दार हलत नसे.

मेघाची रीत कडक. ज्याला नियम नाही, त्याला नाही. दहा नियम होकार देत असले आणि एकच मनाई करत असला, तरी नाही. राजाचा सख्खा भाऊ असो की कोठीवरची मोलकरीण, रीत एकच. लोक खूश झाले. पण पहिल्याच दिवशी तमालभटाने एक गोष्ट बजावली होती, ती मात्र हळूहळू सगळ्यांच्या कानाआड गेली. तो म्हणाला होता, "मेघाला डोळे नाहीत. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळेल."

पश्चिमेच्या वेशीवर उदाजी नावाचा द्वारपाळ होता. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवे. कधी कुणाकडून काही घेतले नाही, कधी कुणावर हात उचलला नाही. घरी बायको चिमा. दोघांना तिसरे कुणी नव्हते, त्यामुळे भांडायलाही तीच आणि बोलायलाही तीच.

त्या वर्षी अरण्यापलीकडच्या गावांत तांबडा ताप उठला आणि बघता बघता नगरातही शिरला. राजाने नवा ताम्रपट कोरवला: तापाच्या दिवसांत अरण्यापलीकडच्या कुणालाही वेशीच्या आत घेऊ नये, मात्र वैद्य किंवा वैदीण असेल तर ही मनाई लागू नाही. त्याला जोडून एक काम द्वारपाळाच्या गळ्यात पडले. आत घेतलेल्या वैद्याला त्याने स्वतः औषधशाळेत न्यायचे आणि झाडपाल्याची तपासणी होईपर्यंत तिथून हलायचे नाही. मागे एका वैद्याची तपासणी दिवस मावळेपर्यंत चालली होती आणि उदाजी उपाशीपोटी उभा होता. ते तो विसरला नव्हता.

मग चिमालाही ताप भरला. औषधशाळेतला काढा सुरू होता, त्याने ताप उतरत नव्हता, नुसता थोपून राहिला होता. एके सकाळी उदाजी निघाला तेव्हा ती अंथरुणातून म्हणाली, "अहो, आज जरा लवकर या. एकटीला नको वाटतं."

"दुपारच्या आत येतो," उदाजी म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या मनात तेच होते.

दुपार व्हायला आली. उदाजीने पागोटे सारखे केले, बदलीचा द्वारपाळ लांबून येताना दिसला, आणि नेमकी तेव्हाच वेशीपाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, पाठीला गाठोडे.

"मी भिवरा. अरण्यापलीकडची वैदीण. तांबड्या तापावरचं मूळ आणलंय. दार उघड, बाबा."

उदाजीने तिच्याकडे पाहिले, गाठोड्याकडे पाहिले, मग उन्हाकडे पाहिले. हिला आत घ्यायची म्हणजे औषधशाळा आली, तपासणी आली, अख्खी दुपार गेली. तिकडे चिमा दाराकडे डोळे लावून बसलेली. त्याने साळुंकीला सांगितले, "कोण, तर अरण्यापलीकडची एक म्हातारी. काय, तर आत येऊ म्हणते. कशाशी काम, तर पश्चिमेची वेस. वेळप्रसंग, तापाचे दिवस."

साळुंकीने मान वाकडी केली. "एवढंच?"

"एवढंच. जा."

अरे, एक शब्द! एक शब्द जास्त बोलला असता तर त्याची जीभ झडली असती का? साळुंकी गेली आणि आली. "नाही."

"ऐकलंस ना, आजी? मेघ नाही म्हणतो. माझ्या हातात काही नाही."

भिवराने गाठोडे खाली ठेवले. ती ओरडली नाही, तिने छाती पिटली नाही. ती म्हणाली, "वैदीण आहे, हे तू त्याला सांगितलं नाहीस. अर्धं सांगून निवाडा घेतलास आणि वर त्याच्यावर ढकललास. तर आता असं होईल. तुझा मेघ सगळ्यांनाच नाही म्हणेल. राजाला नाही, रंकाला नाही. ज्याने अर्धं सांगितलं तो आपल्या तोंडाने पुरतं सांगत नाही, तोवर नाही."

एवढे बोलून ती वेशीसमोरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. उदाजी घरी गेला. चिमाला हायसे वाटले. "आलात दुपारच्या आत," ती म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी नगरात हाहाकार उडाला. कोठारावर नाही, पुष्करणीवर नाही, गोठ्यावर नाही. राजा सुकेतू न्हाणीघरात होता तो तिथेच अडकला आणि ओलेत्याने आतून आरडाओरडा करू लागला. शेवटी कौले काढून त्याला वर ओढून घ्यावे लागले. आणि औषधशाळेच्या दारावरही नाही. काढे आत, आजारी माणसे बाहेर.

राजाने सगळ्या द्वारपाळांना पटांगणात उभे केले. तमालभट म्हणाला, "मेघ बिघडलेला नाही. कुणीतरी त्याला अर्धं सांगितलंय. कोण तो?"

कुणी बोलले नाही. उदाजीही बोलला नाही. त्याला वाटले, आज नाही तर उद्या आपोआप सुटेल. त्याला वाटले, मी काही एकटाच नाही, सगळेच घाईत कधी ना कधी कमी सांगतात. माणसाला अशा वेळी काय काय वाटते! घरी गेला तर चिमाचा ताप चढलेला, आणि थोपवायला काढा नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाने पुन्हा विचारले. उदाजी पुन्हा गप्प. चिमा त्या दिवशी पाणी मागत होती आणि पुष्करणी बंद होती. वेसही बंद, म्हणून तो तटावरून दोराने उतरला आणि त्याने तीन कोस लांब नदीवरून घागर भरून आणली, तिच्या ओठांना पाणी लावले. ती म्हणाली, "तुमच्या मनात काहीतरी आहे. दोन दिवस झाले, तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत."

"काही नाही गं. झोप."

तिसऱ्या सकाळी चिमाने डोळे उघडले नाहीत. श्वास होता, पण हाक मारली तरी ओ देईना. तेव्हा उदाजी शेजारणीला तिच्याजवळ बसवून धावत सुटला, तो थेट तमालभटाच्या दारात. "तो मी."

तमालभट त्याला रागावला नाही. "डोंगरावर जा. वाटेत तीन दारं आहेत. साळुंकी तुझा जबाब वर नेईल. तिन्ही उघडली तर मेघ मोकळा होईल. जपून सांग. कमी सांगितलंस तर तिथेच उभा राहशील."

उदाजी पुन्हा दोराने तट उतरला आणि डोंगर चढला. पहिले दार दगडाचे होते. साळुंकीने विचारले, "कोण आलंय?"

"उदाजी. पश्चिमेच्या वेशीचा द्वारपाळ."

साळुंकी गेली, आली. "नाही."

उदाजीने घाम पुसला. "वैदिणीला वेशीवरून परत पाठवणारा उदाजी. राजाने दोनदा विचारलं तरी गप्प बसणारा."

"होय." दार उघडले.

दुसरे दार काट्यांचे होते. "काय केलंस?"

"ती वैदीण आहे, हे सांगायचं विसरलो."

"नाही."

खाली नगरात कुठेतरी लहान मूल रडत होते, ते इथवर ऐकू येत होते. उदाजीने वळून तिकडे पाहिले. मग म्हणाला, "विसरलो नव्हतो. शब्द जिभेवर आला होता. मी गिळला."

"होय."

तिसरे दार नुसत्या वाऱ्याचे होते, पण त्यातून हातसुद्धा पलीकडे जाईना. साळुंकी आता हळू आवाजात बोलली. "का गिळलास?"

"म्हातारीचं बोलणं उद्धट वाटलं."

"नाही."

"तापाची भीती वाटली. नगराची काळजी वाटली."

"नाही."

उदाजीने वाऱ्याच्या दारावर दोन्ही हात आपटले. त्याला रडू फुटले. "मला लवकर घरी जायचं होतं! चिमाने लवकर ये म्हटलं होतं. तिला सोबत हवी होती म्हणून मी तिचं औषधच दारातून परत पाठवलं. कळलं तुला? सांग वर जाऊन, असंच्या असं सांग."

साळुंकी उडाली. ती परत यायच्या आतच वाऱ्याचे दार विरले आणि मेघ गडगडला. खाली नगरातल्या सगळ्या कड्या एकदम खळाखळा गळून पडल्या. लोकांचा आनंदाचा ओरडा डोंगरापर्यंत आला. उदाजी मात्र ते ऐकायला थांबला नाही. पडत, घसरत, ढोपरे फोडून घेत तो वेशीकडे धावला.

भिवरा मोहाखालीच बसलेली होती. उदाजी तिच्या पायांवर पडला. "आजी, चल."

"आधी विचार," ती म्हणाली.

त्याने साळुंकीला सांगितले, "कोण, तर भिवरा, अरण्यापलीकडची, वैदीण. काय, तर आत येऊन आजाऱ्यांना औषध देऊ म्हणते. कशाशी काम, तर पश्चिमेची वेस. वेळप्रसंग, तापाचे दिवस."

"होय."

औषधशाळेत राजवैद्याने गाठोडे सोडले. आत एकाच जातीचे मूळ होते, दुसरे काही नाही. राजवैद्याने ते कापले, हुंगले, जिभेला लावून पाहिले आणि म्हणाला, "शुद्ध आहे. घेऊन जा." चुलीवरच्या पाण्याला अजून उकळीही फुटली नव्हती.

"झाली तपासणी?" उदाजीने विचारले.

"झाली."

"एवढीच?"

"एका मुळाला आणखी किती वेळ लागणार?"

उदाजी भिंतीला टेकला. एवढीच होती! त्या दिवशी हिला आत घेतले असते, तरी तो दुपारच्या आत घरी पोचला असता. आणि औषध घेऊन पोचला असता.

घरी गेले तर शेजारीण उंबऱ्याबाहेर पदर तोंडाशी धरून बसली होती. भिवरा आत गेली, चिमाच्या कपाळावर हात ठेवला, मनगट हातात धरले आणि हळूच खाली ठेवले.

"आजी, काल आणलं असतं तुला, तर?"

"काल कठीण होतं."

"परवा?"

भिवराने खोटे सांगितले नाही. "परवा उठून बसली असती."

बाकी नगर वाचले. भिवराने घरोघर मूळ उगाळून दिले आणि नऊ दिवसांत ताप असा गेला की मागे खोकलासुद्धा राहिला नाही. कोठारे, गोठे, पुष्करणी, सगळ्यांचा व्यवहार सुरळीत झाला. मेघ पुन्हा होयला होय आणि नाहीला नाही म्हणू लागला. राजाने सगळ्या द्वारपाळांना ताकीद दिली की दारात आलेला माणूस आपल्याबद्दल जे जे सांगेल ते सगळे वर गेलेच पाहिजे.

उदाजी दरबारात हात जोडून उभा राहिला. "महाराज, मला वेशीवरून काढा. नाहीतर शिक्षा द्या."

राजा म्हणाला, "दुसरा ठेवला तर तोही कधीतरी घरी जायच्या घाईत असेल. तू नसशील. तूच राहा."

राजाच्या मनात वाईट काही नव्हते. दरबाराने मान डोलावली. उदाजीने मुजरा केला आणि वेशीवर जाऊन उभा राहिला.

तो आजही तिथेच असतो. माणूस कुठला, कुणाचा, पाठीवर काय, पोटात दुखते का, सगळे सगळे साळुंकीला सांगतो. रांग खोळंबते. लोक कुरकुरतात, "उदाजी, आवर की आता!" तो आवरत नाही.

दर वर्षी तापाच्या दिवसांत भिवरा येते. आता तिला नीट चालवत नाही, काठी टेकत येते. उदाजी तिला बसायला दगड पुसून देतो आणि साळुंकीला सांगू लागतो. "कोण, तर भिवरा, अरण्यापलीकडची, वैदीण. औषध घेऊन आली आहे. हिला मी एकदा या वेशीवरून परत पाठवलं होतं. त्या दिवशी हिला आत घेतलं असतं, तर माझी चिमा आज असती."

साळुंकी दर वर्षी म्हणते, "शेवटचं कशाला? नियमाला ते लागत नाही."

"असू दे," उदाजी म्हणतो. "तेही सांग."

साळुंकी ते वर नेते. मेघ सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "होय."