ठकूमायचा विस्तव

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही. आमच्या बोरदऱ्यात ती मोठ्या बायका सांगतात, नाताळच्या आदल्या दिवशी, चर्चच्या पायरीवर बसून. पण तुम्ही लांबून आलात आणि आजच्या गर्दीचं कारण विचारलंत, म्हणून हळूच सांगते.

फार वर्षं झाली. आगकाडी तेव्हा आमच्या डोंगरात पोचली नव्हती. ज्याची चूल विझे तो शेजारून गोवरीवर विस्तव मागून आणी, आणि विस्तवाला कुणी कुणाला नाही म्हणत नसे. त्या काळी वस्तीत ठकू नावाची विधवा बाई होती. सुगीच्या कामाला ती गोदेकाठी गेली, तिथे तिने प्रभू येशूविषयी ऐकलं आणि बाप्तिस्मा घेऊन परत आली.

तिचा दीर बारकू वस्तीचा पंच. त्याने चारचौघांत तिला गाठलं.

"वहिनी, ते सोडलं म्हण. एकदाच म्हण. मनात काय ठेवायचं ते ठेव, कोण बघायला येतंय?"

"भाऊजी, मनात एक आन् तोंडात दुसरं, हे मला जमायचं न्हाई."

बारकूने घागर उचलली आणि तिच्या चुलीवर रिकामी केली. तिला कुणी विस्तव द्यायचा नाही, आणि तिने वस्तीबाहेरच्या उघड्या टेकाडावर राहायचं, असा हुकूम झाला. ठकूने ओल्या राखेत हात घातला. तळाशी एक निखारा जिवंत होता. तो तिने पदरात घेतला आणि सगळ्यांच्या देखत टेकाड चढली. पदराला डागसुद्धा पडला नाही, असं म्हणतात.

मागोमाग तिची आंधळी सासू काठी टेकत निघाली. कुणीतरी विचारलं, "म्हातारे, तू पण बाटलीस का?"

"मी कशाची बाटते. हिच्या हातची भाकर गोड लागते, म्हणून चालले."

टेकाडावर वारा फार. तो निखारा विझला असता, तर दुसऱ्यासाठी "सोडलं" हा एक शब्द बोलावा लागला असता. म्हणून ठकू रोज पहाटे चुलीपुढे ओणवी होई आणि म्हणे, "प्रभू, तू फुंक. माझा दम पुरत नाही." राख सरकायची आणि खाली लाल दिसायचं, असं म्हणतात.

ओढ्यावर बाया हसायच्या. "आली बघा येशूची सून. सासरहून सरपण येतं का गं?"

"येतं की," ठकू म्हणायची. "तुमच्याच बांधावरून येतं."

मग एका वर्षी ओढा फुगून वस्तीत शिरला. माणसं वाचली, पण चुली राखेसकट वाहून गेल्या. पोरं ओलीचिंब, कुठे धग म्हणून नाही. धूर दिसत होता तो टेकाडावर तेवढा. वर जायची कुणाची हिंमत होईना. शेवटी बारकूच गेला, माळ्यावरची कोरडी गोवरी घेऊन. दारात उभा राहून त्याने गोवरी पुढे धरली.

आतून सासू म्हणाली, "ठके, आता ह्याला म्हणायला लाव. येशू खरा म्हण, मगच विस्तव ने."

म्हणायला लावणं कसं असतं, ते ठकूला ठाऊक होतं.

"आत्याबाई, पोरं गारठलीत," एवढंच ती म्हणाली, आणि बारकूच्या गोवरीवर निखारे ठेवले.

मग सगळी वस्ती वर आली. एकेकाला दिलं तरी चुलीतला विस्तव सरला नाही, असं म्हणतात. बारकू उतरताना रडत होता म्हणे. त्याच्या घरचे म्हणतात, डोळ्यांत धूर गेला होता.

आता टेकाडावर चर्च आहे आणि घरोघरी गॅस आहे. तरी आजच्या दिवशी ऊन कललं की सारा गाव गोवऱ्या घेऊन चढतो, ख्रिस्ती असो नसो, आणि ठकूमायच्या नावाने विस्तव घरी नेतो. आजी सांगायची, पूर्वी टेकाडापासून पार ओढ्यापर्यंत ठिणग्यांची वाट दिसायची. आता खांबांवरच्या दिव्यांत ती हरवते. बारकूच्या घरचे अजून सगळ्यांत आधी येतात. त्यांच्यातले काही ख्रिस्ती झाले, काही नाही. कोण कोणतं, हे चर्चच्या दारात कुणी विचारायचं नाही. नुसता निखारा ठेवायचा, आणि घेणारा वाकला की देणाऱ्यानेही वाकायचं, कारण ठकूमायही चुलीपुढे रोज वाकूनच—

आले गं आई.