डॉक्टरांचा पुकारा

निमखेडच्या कोर्टात वीस वर्षं वकिली करून खडतरे वकील आमदार झाले. विधानसभेत त्यांनी पहिलाच प्रश्न गावच्या दवाखान्याचा विचारला. तिथं पाच वर्षं डॉक्टर नव्हता आणि अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून चाळीस किलोमीटर न्यावं लागे.

आरोग्यमंत्री रुबाबात उठले. "डॉक्टर रोज हजर असतात, माझ्याकडे अहवाल आहे. वकीलसाहेबांनी आता तालुक्याच्या कोर्टातून बाहेर यावं."

सत्ताधारी बाकं हसली. खडतऱ्यांनी हात जोडले.

"मंत्रिमहोदयांचे मनापासून आभार. एवढी सेवा करणाऱ्या डॉक्टरांचा गावानं सत्कार करायला हवा. आमच्या कोर्टाचा शिपाई नाव घेऊन तीनदा पुकारा करतो, तेव्हा माणूस पुढं येतो. सत्कारालाही त्या शिपायालाच उभा करू. तेवढं डॉक्टरांचं नाव सांगा."

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथून चिठ्ठी आली. ती वाचून त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि "माहिती घेऊन सांगतो," म्हणत ते खाली बसले. आता हसण्याची पाळी विरोधकांची होती.

पंधरा दिवसांत निमखेडला डॉक्टर आल्या. सत्काराला सगळं गाव जमलं. कोर्टाच्या शिदराम शिपायानं दवाखान्याच्या पायरीवरून खणखणीत आवाज दिला, "डॉक्टर नलिनी नाईकवाडे, हाजिर हो!"

दुसऱ्यांदा पुकारावं लागलं नाही.

"हजर आहे," आतून उत्तर आलं, "पण एक बाई अडलीय. हार बाहेरच ठेवा."

खडतऱ्यांनी हार पायरीवर ठेवला आणि बंद दाराला हात जोडले. या खेपेला त्यात वकिली नव्हती.